आत : शून्य

सायरन वाजला मंगळवारी, पावणेतीनला.
सोहारच्या बंदरामागे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
सगळी माणसं पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन उभी राहिली,
बूट तापलेले, हेल्मेटखाली घाम.
भिंतीवरच्या पडद्यानं सांगितलं, आत : शून्य.
सालिम अल बलुशीनं आकडा वायरलेसवर दोनदा वाचला.
आणि चार मिनिटांनी तिसऱ्या टाकीमागून
निजाम परकार आला, रिकामी बाटली हलवत.
"पंपाजवळ काय डोंबल ऐकू येतंय?"

पडद्याच्या लेखी तो आत नव्हताच.
तो प्रोग्राम माझा होता.

मग अकरा रात्री.
टेबलावर आठ कोरचं नवं बोर्ड.
शाजी करक चहा ठेवून जायचा,
साय धरली की मला आठवायचा.

सापडलं ते एवढंसं :
सकाळी सहा वाजून दोन मिनिटं, दोन फाटकं, दोन माणसं, एकच क्षण.
पूर्वेच्या फाटकानं वाचलं, चाळीस.
पश्चिमेच्यानंही, चाळीस.
दोघांनी मनात एक मिळवला,
दोघांनी लिहिलं, एक्केचाळीस.
कोणीही खोटं बोललं नाही.
दोन प्रामाणिक बेरजांच्या मधल्या फटीत
हर्णैचा एक सबंध माणूस पडला.

वाचणं, मिळवणं, लिहिणं : तीन घास.
मी त्यांचा एकच घास केला,
मध्ये कोणाला तोंड घालता येऊ नये असा.
अणू, जुन्या अर्थानं. ज्याचा तुकडा पडत नाही.
लाख वेळा चालवलं. आकडा हलला नाही.

आणि बाराव्या रात्री पडद्यावर :
आत : एक.
नाव :
पुढे कोरं.

मी तर आधी नाव लिहायला सांगितलं होतं, मग आकडा.
ओळी तशाच होत्या, एकीखाली एक.
जुनं यंत्र ते मुकाट पाळायचं.
हे नवं घाईचं, हाताशी येईल ते आधी पाठवतं.
त्याचा स्वतःपुरता हिशेब जुळतो;
शेजारच्या कोरला काय दिसलं, ते त्यानं का बघावं?
अणूनं आकडा राखला.
क्रम राखायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तिथे अडसर लागतो.
नाव पोचेपर्यंत आकडा उंबऱ्याच्या आतच.
एक घातला, लिहिणाऱ्याच्या दारात.
तरी हजारातून एकदा कोरंच.
कारण वाचणाराही उतावळा,
नावाची जागा आधीच डोकावून बघितलेली, रिकामी असताना,
आकडा नंतर.
त्याच्याही दारात हवा.
एका हातानं टाळी वाजत नाही,
हे इचलकरंजीत शिकलेली मी
सोहारला पहाटे चारला पुन्हा शिकले.

निजामला सांगितलं कँटीनमध्ये, भातात बोटानं रेघ ओढून.
तो म्हणाला, आमच्या लिलावाला हेच.
पाटी वाळूवर टेकल्याशिवाय बोली नाही.
मासळी होडीत असतानाच बोली लागली
तर घेणाऱ्याच्या हातात काय येणार? आवाज.
मग जरा थांबून, "त्या दिवसाचा पगार कापलाय माझा.
तुमचा पडदा म्हणतो, मी आलोच नव्हतो."
ते निस्तरायला आणखी दोन आठवडे गेले,
त्यात माझी एकही ओळ कामी आली नाही,
फक्त सालिमची सही.

रिवाज असा की अडसर घातला
की शेजारी टीप लिहावी, याचा जोडीदार कुठे आहे.
लिहिली. फाईलचं नाव, ओळ चारशे बारा.
कोणासाठी, ते लिहायचा रिवाज नाही.

रविवारी पूर्वेच्या फाटकावर पहिलं कार्ड टेकलं.
पडदा थबकला,
डोळ्याला कळू नये इतकाच.
निजाम परकार.
मग, एक.